फोनला वायफाय मिळते, मग त्याच टेबलावरच्या डेस्कटॉपला का मिळत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरातला डेस्कटॉप संगणक बाहेरच्या खोलीतून आतल्या खोलीत हलवला, राउटरची तार तिथवर पोचत नाही म्हणून कॅबिनेटच्या मागे नखाएवढा यूएसबी डोंगल, म्हणजे वायफाय पकडणारा छोटा अडॅप्टर, लावला, आणि तेव्हापासून नेटवर्कचे नाव कधी दिसते, कधी दिसत नाही. जोडले गेलेच तर थोड्या वेळाने ‘इंटरनेट नाही’ अशी सूचना येते. टेबलावर ठेवलेला फोन मात्र व्यवस्थित चालतो. अशा वेळी जास्त ताकदीचा नवा राउटर घ्यावा काय?

माझे उत्तर असे की, राउटरला तूर्त हात लावू नका. वायफाय म्हणजे रेडिओ केंद्राचे प्रसारण नव्हे. इथे बोलणे दोन्ही बाजूंनी चालते. राउटरने पाठवलेल्या माहितीच्या तुकड्यांची पोच संगणकाला उलट पाठवावी लागते आणि ती वेळेत आली नाही, तर राउटर तेच तुकडे पुन्हा पाठवत बसतो. राउटरचा आवाज कितीही मोठा केला तरी डोंगलचा क्षीण आवाज त्याच्यापर्यंत पोचत नसेल, तर पडद्यावर सिग्नलच्या रेघा भरपूर दिसतात आणि पान मात्र उघडत नाही. तुमच्या वर्णनावरून दोष संगणकाच्या बाजूला आहे असे वाटते, पण तो नेमका कोठे आहे हे ठरवल्याशिवाय काहीही विकत घेऊ नये.

त्यासाठी आधी ‘फोन चालतो’ हे निरीक्षणच एकदा पारखून घ्या. फोनमधला मोबाइल डेटा बंद करा, कारण वायफाय कमकुवत झाले की बरेच फोन न सांगता मोबाइल डेटावर जातात आणि आपल्याला वाटत राहते की वायफाय उत्तम आहे. मग फोन टेबलावर न ठेवता, जिथे डोंगल बसवला आहे नेमका तिथे, म्हणजे कॅबिनेटच्या मागे, भिंतीला लागून, जमिनीपासून वीत-दोन वीत उंचीवर धरा आणि एखादा व्हिडिओ चालवून पाहा. टेबलावर सुरळीत चालणारा व्हिडिओ तिथे अडखळू लागला, तर तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मिळाले. फोन आणि संगणक ‘एकाच ठिकाणी’ आहेत असे आपण म्हणतो, पण रेडिओ लहरींच्या हिशेबाने टेबलाची वरची बाजू आणि कॅबिनेटची मागची बाजू या दोन अगदी वेगळ्या जागा आहेत.

असे का होते ते समजून घेणे फायद्याचे आहे. वायफाय मुख्यतः ज्या दोन पट्ट्यांवर चालते, त्यांपैकी २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर आणि ५ गिगाहर्ट्झच्या लहरीची सुमारे सहा सेंटिमीटर असते. नखाएवढ्या डोंगलमधला अँटेना म्हणजे काही मिलिमीटरांची तांब्याची रेघ. ती पोलादी पत्र्याच्या पेटीला चिकटून बसवली की त्या पेटीच्या पलीकडे असलेला राउटर तिच्या दृष्टीने सावलीत जातो. त्यातून पेटीच्या मागे वीजपुरवठ्याची तार, मॉनिटरची तार, स्पीकरची तार असा गुंता असतोच. आणखी एक त्रास आहे, जो फारसा कोणी सांगत नाही: यूएसबी ३ च्या जोडणीतून माहिती वाहत असताना जो विद्युत गोंगाट बाहेर पडतो, तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरही पसरतो. इंटेलने २०१२ साली यावर एक तांत्रिक टिपणच प्रसिद्ध केले होते. माझ्या एका परिचितांकडे रोज रात्री ठरावीक वेळी नेट जात असे आणि त्यांचा सगळा राग नेट पुरवणाऱ्या कंपनीवर होता. प्रत्यक्षात त्या वेळी बाहेरच्या हार्ड डिस्कवर बॅकअप सुरू होत असे, आणि त्या डिस्कची तार डोंगलच्या अगदी शेजारच्या छिद्रात लावलेली होती. डिस्कची तार काढली की नेट सुरू, लावली की बंद, हे त्यांच्यासमोर तीनदा करून दाखवले तेव्हा कुठे त्यांचा विश्वास बसला.

म्हणून पहिला उपाय सर्वांत स्वस्त आहे. एक ते दीड मीटर लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन केबल घ्या, तिचे एक टोक संगणकाला लावा आणि दुसऱ्या टोकाला डोंगल अडकवून तो टेबलाच्या वर, राउटरच्या दिशेला, धातूपासून दूर ठेवा. डोंगल साधा असेल तर केबल यूएसबी २ ची असली तरी चालते, कारण यूएसबी २ चा वेग ४८० एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ४८० मेगाबिट, असतो आणि असा डोंगल त्याच्या जवळपासही जात नाही. उलट ती काळ्या रंगाच्या, जुन्या प्रकारच्या छिद्रात लावली तर वर सांगितलेला गोंगाटही टळतो. तात्पुरता उपाय म्हणून डोंगल निदान कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला लावून पाहा. एवढ्यानेच काम झाले तर पुढचे वाचण्याचीही गरज नाही.

नेटवर्कचे नावच दिसत नसेल, तर मात्र जागेखेरीज पट्ट्याचाही विचार करावा लागतो. आजचे राउटर साधारणपणे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर बोलतात, तर स्वस्तातले लहान डोंगल, विशेषतः ज्यांच्या खोक्यावर फक्त १५० एमबीपीएस असा आकडा छापलेला असतो ते, बहुधा केवळ २.४ वर ऐकतात. राउटरमध्ये दोन्ही पट्ट्यांना वेगवेगळी नावे दिली असतील तर ५ चे नाव अशा डोंगलला कधीही दिसणार नाही, मग तो राउटरला टेकवून ठेवला तरी. याहून चकवणारी गोष्ट चॅनेलची, म्हणजे पट्ट्यातल्या क्रमांक दिलेल्या उपविभागांची, आहे. २.४ च्या पट्ट्यात बहुतेक देशांत १ ते १३ चॅनेल वापरता येतात, पण अमेरिकेत ११ पर्यंतच; त्यामुळे तिथल्या नियमांनुसार बांधलेल्या वायफाय कार्डाला (डोंगल हेही एक प्रकारचे कार्डच) राउटर १२ किंवा १३ वर गेला की तो दिसेनासा होतो. राउटर आपणहून चॅनेल निवडत असेल तर नेटवर्क ‘कधी दिसते, कधी नाही’ याचे हे एक खरेखुरे कारण असू शकते. राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी एकावर कायम करून ठेवा. हेच तीन सांगण्याचे कारण असे की, चॅनेल एकमेकांपासून ५ मेगाहर्ट्झ अंतरावर असतात आणि प्रत्येकाला किमान २० मेगाहर्ट्झची जागा लागते, त्यामुळे १ ते ११ मध्ये एकमेकांच्या अंगावर न येणारे तीनच उरतात.

५ गिगाहर्ट्झच्या बाबतीतही एक खोच आहे. ५२ ते १४४ या क्रमांकांचे चॅनेल रडारसाठीही वापरले जातात, म्हणून राउटरला तिथे बोलायला सुरुवात करण्यापूर्वी किमान एक मिनिट नुसते ऐकावे लागते, आणि मध्येच रडारची चाहूल लागली तर तो चॅनेल सोडावा लागतो. राउटर बंद करून सुरू केल्यावर ५ चे नाव उशिरा दिसते ते यामुळे. काही कार्डे तर या चॅनेलांकडे वळतच नाहीत. अशा वेळी राउटर ३६ क्रमांकावर ठेवावा. शिवाय काही जुन्या कार्डांचे जुने ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारी सॉफ्टवेअरे, वायफाय ६ या नव्या पिढीचा राउटर यादीत दाखवतच नाहीत. ड्रायव्हर अद्ययावत केला की तेच नेटवर्क लगेच दिसू लागते.

आता समजा, केबल लावूनही समाधान झाले नाही आणि नवे कार्ड घ्यायचेच ठरले. डेस्कटॉपसाठी माझी पसंती कॅबिनेटच्या आत मदरबोर्डवर बसणाऱ्या पीसीआय एक्स्प्रेस कार्डाला आहे, पण एका अटीवर: त्याचे अँटेना तारेने जोडलेले आणि वेगळ्या बैठकीवर असावेत, म्हणजे ते टेबलावर ठेवता येतात. ज्याचे अँटेना कार्डाच्या पाठीवरच घट्ट बसतात ते कार्ड पुन्हा त्याच सावलीत जाऊन बसते, आणि मग पेटी उघडण्याचा खटाटोप वाया जातो. पेटी उघडायची नसेल तर दोन्ही पट्ट्यांवर चालणारा, उचलता-फिरवता येणारा अँटेना असलेला आणि सोबत बैठकीची केबल असलेला यूएसबी अडॅप्टर घ्यावा. कार्ड किमान वायफाय ५ चे, म्हणजे २०१३ साली आलेल्या ८०२.११एसी या मानकाचे असावे. राउटर वायफाय ६ चा असेल तर कार्डही ६ चे घेण्यात अर्थ आहे. राउटर ५ चा असताना वायफाय ७ चे कार्ड घेतले तर ते चालेल, पण बोलेल ५ च्याच भाषेत.

मदरबोर्डवरच वायफाय असेल तर एक प्रश्न विचारतो, आणि त्याचा राग मानू नका: मागच्या दोन सोनेरी, आटे असलेल्या खुंट्यांवर अँटेना लावले आहेत का? ते मदरबोर्डच्या खोक्यात वेगळ्या पिशवीत येतात आणि खोके माळ्यावर जाते. अँटेनाशिवायही शेजारच्या खोलीतला राउटर अंधुक दिसतो, म्हणून वायफाय ‘आहे, पण कमजोर आहे’ असा समज होतो. मी स्वतः एकदा दोन तास ड्रायव्हर बदलत बसलो होतो आणि शेवटी अँटेना त्या खोक्यात सापडले.

ड्रायव्हरचा पेच जुनाच आहे: नेटसाठी ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हरसाठी नेट हवे. फोन यूएसबी तारेने संगणकाला जोडून फोनमध्ये यूएसबी टेदरिंग, म्हणजे फोनचे नेट तारेने संगणकाला देण्याची सोय, सुरू केले की संगणकाला तात्पुरते नेट मिळते आणि ड्रायव्हर उतरवून घेता येतो. काही डोंगल प्रथम लावल्यावर स्वतःला सीडी ड्राइव्ह म्हणून दाखवतात. बिघाड झाला असे समजू नका, त्या खोट्या सीडीतच ड्रायव्हर असतो आणि तो बसवला की डोंगल आपले खरे रूप धारण करतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजमधल्या जोडलेल्या उपकरणांच्या यादीत, कार्डाच्या नावावर पिवळे चिन्ह दिसत नाही, इतके झाले की ही पायरी संपली.

पासवर्डाच्या पायरीवर फार रेंगाळण्याचे कारण नाही. लहान-मोठी अक्षरे आणि कळफलक मराठीवर तर नाही ना, एवढे पाहा. ठिपक्यांमागे काय टंकले जात आहे ते डोळ्याच्या चिन्हावर दाबून ठेवले की दिसते. राउटरचा पासवर्ड बदलला असेल तर संगणकातले जुने नेटवर्क ‘विसरा’ असे सांगून पुन्हा जोडा. बरोबर पासवर्ड देऊनही नकार येत असेल तर राउटर केवळ डब्ल्यूपीए३ या सुरक्षा-पद्धतीवर आहे काय ते बघा. हे मानक २०१८ सालचे आहे आणि जुन्या कार्डांना ते कळत नाही. तेव्हा राउटरला आधीच्या डब्ल्यूपीए२ वर, एईएस या कूटलेखन पद्धतीसह आणावे. त्याहून मागे जाऊ नये. सर्वांत जुनी डब्ल्यूईपी तर २००१ सालीच फोडता येते हे सिद्ध झाले होते. बटण दाबून जोडणाऱ्या डब्ल्यूपीएसमधला आठ अंकी पिनचा पर्यायही बंद ठेवा, कारण तो पिन दोन तुकड्यांत तपासला जात असल्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत सापडतो. नेटवर्कचे नाव लपवून सुरक्षितता वाढत नाही. संगणकाला ते शोधायला मात्र त्रास होतो.

तुमच्या तक्रारीतला खरा गाभा ‘जोडले आहे, पण इंटरनेट नाही’ हा आहे. हे वाक्य वाचून लोक नेट पुरवणाऱ्यांना फोन लावतात. मी आधी काळी खिडकी उघडतो. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत द्या आणि वायफायच्या कार्डाखाली आयपीव्ही४ पत्त्यासमोर कोणता आकडा आहे तो वाचा. तो १९२.१६८ ने सुरू होत असेल (काही घरांत १० नेही होतो), तर राउटरने तुमच्या संगणकाला पत्ता दिला आहे. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर संगणकाने पत्ता मागितला, उत्तर आले नाही, म्हणून त्याने स्वतःच एक पत्ता घेतला असा अर्थ होतो. दोघांमध्ये दार उघडले आहे, पण बोलणे झालेले नाही. डब्ल्यूईपीच्या जमान्यात पासवर्ड चुकला तरी जोडणी झाल्यासारखी दिसे आणि हाच १६९.२५४ हाती येई. आज मात्र त्यामागे बहुधा सिग्नल इतका क्षीण असतो की लहानसहान तुकडे पोचतात आणि बाकीचे वाटेत गळतात. तुमच्या डोंगलच्या बाबतीत मला हाच संशय आहे. दुसरे कारण घरात जुना राउटर रिपीटर म्हणून, म्हणजे सिग्नल पुढे पोचवण्यासाठी, लावलेला असणे. त्याची पत्ते वाटण्याची सोय, म्हणजे डीएचसीपी, बंद करायची राहिली असेल तर दोन घरमालक एकाच इमारतीत खोल्या वाटू लागतात आणि संगणकाला कधी बरोबर पत्ता मिळतो, कधी असा मिळतो की त्यावरून बाहेर जाण्याची वाटच नसते.

पत्ता ठीक असेल तर त्याच खिडकीत ‘डीफॉल्ट गेटवे’समोर राउटरचा पत्ता दिसेल, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा त्यासारखा. त्याला पिंग करा, म्हणजे त्याला हाक मारून उत्तर किती वेळात येते ते मोजणारी आज्ञा द्या, आणि चार उत्तरांवर न थांबता ते दोन-तीन मिनिटे सतत चालू ठेवा. घरातल्या घरात उत्तर १ ते ५ मिलिसेकंदांत यायला हवे. आकडे २, ३, २, १८०, ४५०, मग ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ असे उड्या मारत असतील, तर इंटरनेटचा इथे काही संबंध नाही. तुमच्या खोलीपासून राउटरपर्यंतच्या हवेतच गडबड आहे, आणि जागा बदलणे, केबल लावणे, चॅनेल बदलणे हेच उपाय आहेत. पिंग चालू ठेवूनच डोंगल हातात धरून टेबलावर इकडेतिकडे फिरवा. कोणत्या जागी आकडे स्थिरावतात ते समोर दिसते, आणि सिग्नलच्या रेघांपेक्षा मी या आकड्यांवर जास्त भरवसा ठेवतो. राउटर सिग्नल डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची शक्ती मोजण्याच्या एककात, दाखवत असेल तर उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओवर बोलणेही निभते आणि उणे ८० च्या आसपास जोडणी तुटू लागते. दर १० ने आकडा खाली गेला की शक्ती दशांशावर येते, हे लक्षात ठेवून ते आकडे वाचावेत.

राउटरला पिंग स्वच्छ आहे, पण पाने उघडत नाहीत, अशी स्थिती असेल तर ८.८.८.८ या गूगलच्या इंटरनेटवरील पत्त्याला पिंग करा. ते चालले आणि संकेतस्थळाच्या नावाला मात्र उत्तर आले नाही, तर नावावरून पत्ता शोधणारे डीएनएस बिघडले आहे. कार्डाच्या सेटिंगमध्ये कोणी हाताने काही आकडे भरून ठेवले आहेत काय ते बघा आणि सगळे ‘आपोआप’वर आणा. सगळे ठीक असूनही प्रत्येक पान ‘सुरक्षित नाही’ म्हणून अडवले जात असेल, तर पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख पाहा. जुन्या संगणकात मदरबोर्डवरची सीआर२०३२ ही नाण्यासारखी बॅटरी संपली की घड्याळ काही वर्षे मागे जाते, आणि संकेतस्थळांची प्रमाणपत्रे अजून लागूच झालेली नाहीत असे संगणकाला वाटते. वायफायच्या पासवर्डाला तारखेशी कर्तव्य नसल्यामुळे जोडणी झालेली दिसते, आणि दोष उगाच वायफायच्या माथी बसतो.

संगणक थोडा वेळ रिकामा राहिल्यावरच नेट जात असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या गुणधर्मांत जाऊन ‘पॉवर मॅनेजमेंट’ या भागातली, वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करू देणारी खूण काढून टाका. लॅपटॉपसाठी ती सोय ठीक आहे; सतत विजेवर चालणाऱ्या डेस्कटॉपला तिचा काही उपयोग नाही.

वेगाबाबत अपेक्षा माफक ठेवावी. खोक्यावरचा आकडा कार्ड आणि राउटर यांच्यातल्या कमाल जोडणीचा असतो. प्रत्यक्षात साधारण निम्माच हाती लागतो, कारण एका चॅनेलवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकते आणि बाकीच्यांना थांबावे लागते. घरातले एखादे जुने, मंद यंत्र आपले बोलणे संपवायला जास्त वेळ घेते, त्याचा भुर्दंडही सर्वांना पडतो.

हे सगळे करूनही त्या खोलीत सिग्नल उणे ७५ च्या वर येत नसेल, तर रिपीटरचा विचार करता येईल, पण तो त्या खोलीत लावू नका. जिथे त्याला स्वतःलाच नीट ऐकू येत नाही तिथून तो पुढे काय सांगणार? राउटर आणि ती खोली यांच्या मध्यावर, जिथे सिग्नल अजून चांगला आहे तिथे तो हवा. आणि एकाच पट्ट्यावर ऐकून त्याच पट्ट्यावर पुढे बोलणारा रिपीटर वेग निम्म्याने कमी करतो, हे धरून चालावे. तुमचा संगणक एकाच जागी राहणार आहे, तेव्हा भिंतीच्या कडेने कॅट ५ई किंवा कॅट ६ प्रकारची नेटवर्कची तार ओढणे शक्य असेल तर मी तेच सुचवीन. ती १०० मीटरपर्यंत निर्धास्त चालते आणि त्या संगणकापुरते हवा, चॅनेल, रडार यांचे प्रश्न मिटतात. तोवर एक्स्टेन्शन केबलवरचा डोंगल टेबलावर ठेवा, राउटरचे २.४ चे चॅनेल १, ६ किंवा ११ वर कायम करा आणि दोन-तीन मिनिटांच्या पिंगचे आकडे, डोंगलवर छापलेले मॉडेलचे नाव आणि आयपीकॉन्फिगमधला पत्ता कळवा.